नावाची पत आणि नवे तोतये

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, शनिवार पेठ, पुणे येथे दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना विश्वस्त मंडळाने मला ‘व्यापार आणि समाज’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी काही विद्वान वक्ता नाही. बी. कॉम. झालो आणि वडिलांच्या कापडाच्या गादीवर येऊन बसलो, एवढेच माझे शिक्षण. विषय फार मोठा आहे, म्हणून त्यातील एकच ताका आज आपल्यासमोर उलगडावा असे ठरवले. आपले नाव आणि आपला फोटो वापरून कोणी तिऱ्हाईत माणूस आपल्याच स्नेह्यांकडे पैसे मागतो, हा तो विषय. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांना असा निरोप एकदा तरी आला असेल. ज्यांच्या नावाने तो निरोप गेला, अशी मंडळीही येथे आहेत. हे संकट मोबाईलमुळे आले असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. परंतु त्याचे मूळ जुने आहे आणि त्यावरचा उपायही आपल्या व्यापारी परंपरेत जुनाच आहे, हे मला आज नम्रपणे मांडायचे आहे.

पुण्याचा जुना तोतया

वर्तमानपत्रात आपण ‘तोतया पोलीस’, ‘तोतया अधिकारी’ असे शब्द रोज वाचतो. हा शब्द उच्चारला की पुण्याच्या इतिहासातील एक प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही, आणि ते आपल्या पेठेला ज्याची सावली लाभली त्या शनिवारवाड्याशी निगडित आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पेशवे पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. भाऊसाहेब निसटले असावेत आणि एक दिवस परत येतील, अशी आशा पुष्कळांना होती. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तर वैधव्य स्वीकारलेच नाही. अशा वेळी उत्तरेकडील सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या काळात तो पकडला गेला, चौकशीत तोतया ठरला आणि त्याला किल्ल्यावर कैदेत ठेवण्यात आले. १७७२ साली माधवराव गेले, पाठोपाठ नारायणरावांचा खून झाला, पेशवाईत गोंधळ माजला. १७७६ साली रत्नागिरीच्या सुभेदाराने या तोतयाला बंधमुक्त केले. पाहता पाहता हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली जमली, कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले आणि पुणे दरबाराची झोप उडाली. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याचा मोड केला. समुद्रमार्गे पळताना तो आंगऱ्यांच्या हाती सापडला. पुण्यात आणून, ओळखीच्या माणसांकडून पुन्हा चौकशी करून, १७७६ च्या अखेरीस त्याला देहान्त शासन देण्यात आले. न. चिं. केळकर यांनी याच प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले.

या हकिकतीतून व्यापारी माणसाने घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, तोतया केवळ रूपसाम्यावर मोठा होत नाही; भाऊसाहेब परत यावेत असे लोकांना मनापासून वाटत होते, म्हणून तो मोठा झाला. फसवणारा आपल्या लोभावर जगतो असे आपण समजतो, पण तो आपल्या प्रेमावरही जगतो. दुसरी अशी की, त्याचा निकाल दोन्ही वेळा चौकशीनेच लागला. ज्यांनी भाऊसाहेबांना जवळून पाहिले होते अशांनी प्रश्न विचारले, तेव्हा खरे काय ते बाहेर आले. भाऊसाहेबांविषयी ज्यांच्या मनात आदर होता, त्यांनीच ही चौकशी करणे आवश्यक होते आणि त्यात भाऊसाहेबांचा अपमान कोणालाही वाटला नाही.

शहाजोग हुंडी

आता आपल्या बाजाराकडे येऊ. बँका येण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी सुरत, अहमदाबाद, मुंबई, पुणे, इंदूर अशा पेठांमध्ये हुंडीवर व्यवहार केले. पैसे देणारा आणि घेणारा यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसे. म्हणजे आज मोबाईलवर जो प्रश्न आहे, तोच प्रश्न त्यांच्यासमोर होता: कागद घेऊन आलेला माणूस खरा कशावरून?

त्यांनी शोधलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. शहाजोग हुंडीची रक्कम कोणाही वाटसरूला द्यायची नसे. ती ‘शहा’ला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा व्यापाऱ्यालाच द्यायची. हुंडी घेऊन आलेला माणूस खरोखर तसा आहे की नाही याची चौकशी करणे, हे पैसे देणाऱ्याचे कर्तव्य होते. पुढे हुंडी बनावट निघाली, तर रक्कम घेणाऱ्या शहाने ती व्याजासह परत करावी असा रिवाज होता. हुंडीत रक्कम एकदाच लिहून भागत नसे. आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, मग तिची निमपट सांगून ‘त्याची दुप्पट’ असे पुन्हा लिहायचे, म्हणजे कोणी एक शून्य वाढवू नये. शिवाय हुंडी लिहिणारा पुष्कळदा वेगळे पत्र पाठवून समोरच्या पेढीला कळवत असे की अमुक रकमेची हुंडी तुमच्यावर केली आहे. हुंडी एका वाटेने आणि खबर दुसऱ्या वाटेने! हुंडी हरवली तर ‘पेठ’ आणि पेठही हरवली तर ‘परपेठ’ लिहून देण्याची सोय होती. इंग्रजांनी १८८१ साली परक्राम्य संलेखांचा कायदा केला, त्यातही देशी भाषेतील अशा कागदांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवावे लागले, इतके ते पक्के होते.

आपले पूर्वज एकमेकांवर विश्वास ठेवत, आज तो राहिला नाही, असे आपण नेहमी ऐकतो. मला ते अर्धेच खरे वाटते. त्यांचा विश्वास फार मोठा होता, पण तो पडताळणीच्या खुंट्याला बांधलेला होता. चौकशी केली म्हणून कोणी शहा रागावत नसे. उलट, चौकशी न करता पैसे मोजणारी पेढी कच्ची समजली जाई.

आजची रीत

आजचा तोतया काय करतो ते थोडक्यात सांगतो, कारण ओळखल्याशिवाय टाळता येत नाही.

पहिला प्रकार सर्वांत सोपा. आपला फोटो कोठून तरी उचलायचा, नव्या नंबरावर व्हॉट्सॲप सुरू करून तो फोटो लावायचा आणि आपल्या ओळखीच्यांना ‘हा माझा नवा नंबर’ असे कळवायचे. दुसरा प्रकार फेसबुकवरचा. आपल्याच नावाचे जुळे खाते उघडायचे आणि आपल्या मित्रांच्या उघड्या यादीतून एकेकाला मैत्रीची विनंती पाठवायची. तिसरा प्रकार अधिक घातक. ‘माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे आला आहे, तेवढा पाठवा’ असा निरोप येतो. तो कोड आपल्याच व्हॉट्सॲपची किल्ली असते. ती दिली की आपले खरे खातेच परक्याच्या ताब्यात जाते आणि आपल्या जुन्या नंबरावरून, जुन्या संभाषणाच्या खाली, मदतीची याचना सुरू होते. चौथा प्रकार यंत्राने हुबेहूब आवाज आणि चेहरा तयार करण्याचा. २०२४ च्या आरंभी ‘अरुप’ या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठ अधिकाऱ्यांना ‘पाहून’ सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतील ते चेहरे आणि आवाज यंत्राने बनवलेले होते.

इतके लांब जायलाही नको. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या पुण्यातच, जगभर लस पुरवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर निरोप आला. निरोप पाठवणाऱ्याने स्वतःला अदर पूनावाला म्हणवले होते आणि काही बँक खात्यांवर तातडीने पैसे पाठवण्यास सांगितले होते. साहेबांचीच आज्ञा आहे असे समजून कंपनीतून सुमारे एक कोटी एक लाख रुपये पाठवले गेले. पूनावाला यांनी असा निरोप पाठवलाच नव्हता, हे नंतर कळले आणि बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. जेथे हिशेबनीस आहेत, लेखापरीक्षक आहेत, तेथे हे घडले. मग आपल्या घरातील आजी-आजोबांना कोणी नावे ठेवू नयेत.

यांतील बहुतेक प्रकारांत तीन खुणा सापडतात. घाई असते, बोलणे टाळलेले असते आणि पैसे तिसऱ्याच्याच खात्यावर मागितलेले असतात. ‘मी मीटिंगमध्ये आहे’, ‘रुग्णालयात आहे, फोन उचलता येत नाही’, ‘माझे यूपीआय चालत नाही, या नंबरावर पाठवा, उद्या सकाळी परत करतो.’ कापडाच्या किनारीवर नामांकित गिरणीचा शिक्का आहे, पण हातात घेतल्यावर पोत निराळा लागतो, तसाच हा प्रकार. आपण शिक्का वाचून थांबतो, पोत पाहत नाही.

मुनीमजींचे अठरा हजार

आता जी हकिकत सांगतो ती सांगण्यास मुनीमजींनी स्वतः संमती दिली आहे. मात्र त्यांचे नाव मी घेणार नाही.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास माझ्या नावाने असेच निरोप गेले. एका सत्कारसमारंभातील, शाल पांघरलेला माझा फोटो लावलेला होता. त्या दुपारी दुकानात फोनमागून फोन आले. कोणी काळजीने विचारत होते, कोणी हसत होते. मी सर्वांना कळवले, रीतसर तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी ते खाते बंद झाले. कोणाचे नुकसान झाले नाही या समाधानात आम्ही होतो.

दिवाळीच्या खरेदीसाठी आमच्या जुन्या मुनीमजींचा नातू दुकानात आला. कापड फाडून झाल्यावर त्याने गल्ल्याजवळ येऊन हळूच विचारले, ‘काका, आजोबांनी पाठवलेले अठरा हजार पोहोचले होते ना? त्यांना विचारायला संकोच वाटतो.’ मला काही उमगेना. मग सगळे उघड झाले. वडिलांच्या काळापासून ज्यांनी आमच्या पेढीची खतावणी लिहिली, ज्यांच्या रोजमेळात कधी एक पैशाचा फरक आला नाही, त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांनी माझ्या नावाचा निरोप वाचून, नातवाच्या मोबाईलवरून, ठेवीच्या व्याजाचे पैसे त्या तोतयाला पाठवले होते.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मी म्हणालो, ‘मुनीमजी, निरोप हिंदीत होता. आपण चाळीस वर्षे मराठीत बोलतो. आपल्याला शंका आली नाही?’ त्यांनी शांतपणे उत्तर दिले, ‘शंका आली होती, शेठ. पण अडचणीतल्या माणसाला उलटे प्रश्न करू नयेत, हे मी तुमच्या वडिलांकडूनच शिकलो. विचारले असते आणि निरोप खरा निघाला असता, तर तुमच्यासमोर उभे राहण्याची मला लाज वाटली असती.’

बंधू-भगिनींनो, मी या उत्तरावर पुष्कळ विचार केला आहे. मुनीमजी अडाणी नव्हते, लोभी तर मुळीच नव्हते. त्यांना निरोपातील खोट दिसत होती. त्यांचे हात बांधले ते सौजन्याने. मित्राला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान करणे, अशी जी आपली समजूत आहे, नेमकी तीच तोतयाची शिदोरी आहे. आणि पैसे गेल्यानंतरही तेच सौजन्य त्यांना गप्प ठेवत होते. ‘दिलेले पोहोचले का’ असे विचारणे म्हणजे परत मागितल्यासारखे, म्हणून तीन आठवडे ते बोलले नाहीत. आम्ही तक्रार केली तेव्हा त्या खात्यात एक रुपयाही शिल्लक नव्हता.

त्यानंतर एक निराळाच प्रश्न उभा राहिला. हे नुकसान कोणाचे? कायद्याने माझ्यावर काहीही जबाबदारी नव्हती. तरीही ते पैसे माझ्या नावाकडे पाहून दिले गेले होते. मी अठरा हजारांचे पाकीट पुढे केले, तेव्हा मुनीमजी म्हणाले, ‘पैसे तुमच्याकडे आलेच नाहीत, मग तुम्ही परत काय देता?’ बराच वेळ आमची ओढाताण चालली. अखेर त्यांनीच व्यापारी तोड काढली: भागीदारीत तोटा येतो तसा हा धरायचा, निम्मा तुमचा आणि निम्मा माझा. नऊ हजार त्यांनी घेतले. ती रक्कम वहीत कोणत्या खात्यावर लिहावी, हे मी त्यांनाच विचारले. बुडीत खात्यावर लिहावी तर ऋणको कोणीच नाही. धर्मादाय म्हणावे तर ते स्वेच्छेने द्यायचे असते. ‘नुकसान खाते’ असे त्यांनी सांगितले आणि तसेच लिहिले.

आपली व्रते काय सांगतात

श्रावकाच्या अणुव्रतांमध्ये सत्य आणि अचौर्य यांचे अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. त्यांतील काही शब्द या विषयाला इतके चपखल लागू पडतात की ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सत्यव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे, म्हणजे खोटा लेख करणे. अचौर्याच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ आहे, म्हणजे अस्सलासारखे दिसणारे नकली पुढे करून व्यवहार करणे. खोट्या नावाने पाठवलेला निरोप हा एकाच वेळी कूटलेख आहे आणि प्रतिरूपकही आहे.

परंतु त्याच यादीतील ‘तदाहृतादान’ या तिसऱ्या शब्दाकडे मी तरुण मंडळींचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. चोराने आणलेली वस्तू घेणे, हा त्याचा अर्थ. आजचा तोतया स्वतःच्या खात्यावर पैसे सहसा घेत नाही. तो दुसऱ्याचे खाते भाड्याने घेतो. ‘तुझ्या खात्यावर काही रक्कम येईल, ती पुढे पाठव, कमिशन ठेव’ किंवा ‘बँकेचे खाते उघडून पासबुक, कार्ड आणि सिम आम्हांला दे’ असे प्रलोभन विद्यार्थ्यांना, बेकार मुलांना दाखवले जाते. पैसे अशा चार-पाच खात्यांतून काही मिनिटांत फिरतात आणि शेवटी रोख काढले जातात. पोलिसांच्या हाती सर्वांत आधी सापडतो तो खातेदार. ‘मला माहीत नव्हते’ हे त्याचे म्हणणे सहजासहजी टिकत नाही. आपल्या मुलांना आणि दुकानातील नोकरांना ही गोष्ट समजावून सांगणे हे आपले काम आहे.

कायदा आणि बँक

कायद्याचे थोडे सांगतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६सी दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल, तर कलम ६६डी संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक करण्याबद्दल आहे. दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ प्रमाणे तोतयेगिरीने फसवणूक करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

परंतु शिक्षा होणे आणि पैसे परत मिळणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा एक आदेश पुष्कळांनी ऐकला असेल. त्रयस्थाच्या कृत्यामुळे, आपली किंवा बँकेची चूक नसताना, परस्पर पैसे गेले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही, असे त्या आदेशात म्हटले होते. मात्र तोतयाच्या प्रकरणात पिन आपण स्वतः टाकलेला असतो, व्यवहार आपणच मंजूर केलेला असतो. त्यामुळे हे संरक्षण येथे सहसा उपयोगी पडत नाही. आपल्या हाताने दिलेले पैसे वाचवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे वेळ न दवडणे.

त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर तक्रार नोंदवली की पैसे ज्या ज्या खात्यांत गेले तेथील बँकांना कळवले जाते आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि निरोपाचे छायाचित्र जवळ ठेवावे. निरोप रागाने पुसून टाकू नये, तो पुरावा असतो. पहिल्या तासाला सोन्याचा भाव आहे. मुनीमजींनी त्याच दुपारी सांगितले असते, तर त्या अठरा हजारांतील काही तरी गोठवता येण्याची शक्यता होती.

आणखी एक उपयुक्त गोष्ट. यूपीआयने पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर घेणाऱ्याचे नाव दिसते. ३० जून २०२५ पासून तेथे बँकेत नोंदलेले नावच दाखवण्याचा नियम झाला आहे. आरटीजीएस आणि एनईएफटीसाठीही नाव पडताळण्याची सोय एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. म्हणजे शहाजोग हुंडीतील ‘घेणारा कोण ते पाहा’ ही अट यंत्राने पुन्हा आपल्यासमोर आणून ठेवली आहे. निरोप आपल्या मित्राचा आणि पडद्यावरचे नाव परक्याचे, असे दिसले की तेथेच हात थांबला पाहिजे.

पाच सूचना

भाषण ऐकून टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावे, असे आज होऊ नये. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या समाजाने पाच गोष्टींचा संकल्प करावा, असे मी सुचवतो.

पहिली: उलट फोनाचा रिवाज. पैशांचा निरोप कोणाचाही येवो, सख्ख्या भावाचा येवो, आपल्याजवळ असलेल्या जुन्या नंबरावर स्वतः फोन लावून बोलल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. निरोपाला उत्तर देऊन ‘तूच आहेस ना?’ असे विचारू नये. तोतयाही ‘हो’ म्हणतो. आणि ज्याला असा फोन येईल त्याने रागवायचे नाही, आभार मानायचे. हे दुसरे अर्धे अधिक महत्त्वाचे आहे. विचारणाऱ्याला मान मिळाला, तरच विचारण्याची सवय लागेल.

दुसरी: घरातला खुणेचा शब्द. परगावी आणि परदेशी असलेल्या मुला-नातवंडांशी एक शब्द ठरवून ठेवावा. तो कोठेही लिहू नये, मोबाईलवर पाठवू नये. हुबेहूब आवाजात संकटाचा फोन आला, तर तो शब्द विचारावा.

तिसरी: कुलूप लावणे. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावे, फेसबुकवरील मित्रांची यादी झाकावी, फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असे करावे. नातवंडांनी येत्या रविवारी घरातील ज्येष्ठांच्या मोबाईलवर हे करून द्यावे. दहा मिनिटांचे काम आहे.

चौथी: फसलेल्याला हसायचे नाही. ज्याचे पैसे गेले तो आधीच लाजलेला असतो. त्याची थट्टा झाली की पुढचा माणूस बोलणार नाही आणि त्याच्या मौनाचा पहिला फायदा तोतयालाच मिळेल. ट्रस्टच्या दोन तरुण कार्यकर्त्यांनी ही जबाबदारी घ्यावी, म्हणजे एखाद्या आजोबांना रात्री-अपरात्री १९३० ला फोन लावून देणारे कोणी तरी असेल.

पाचवी सूचना थेट विश्वस्त मंडळासाठी आहे. आपल्या परिचय पुस्तिकांत प्रत्येक कुटुंबाचा फोटो, नाव, गाव, व्यवसाय, नातेवाईक आणि मोबाईल नंबर एकाच पानावर असतो. परस्परांना जोडण्यासाठी ही प्रथा सुरू झाली आणि तिने अनेकांची सोयरिक जुळवली. परंतु आज तीच पुस्तिका कोणी मोबाईलवर पसरवली, तर तोतयाला दुसरे काही शोधावे लागत नाही. कोण कोणाचा स्नेही, कोणाचा शब्द कोण मोडणार नाही, हे सर्व त्याला आयते मिळते. म्हणून नंबर वेगळ्या पत्रकात, फक्त सभासदांना छापील स्वरूपात द्यावेत. तसेच जीवदया, साधर्मिक भक्ती किंवा जीर्णोद्धार, कोणत्याही कारणासाठी ट्रस्ट देणगी मागेल ती सूचनाफलकावर आधी लावून, ट्रस्टच्याच नावाच्या खात्यावर आणि पावती देऊनच. व्हॉट्सॲपवर व्यक्तीच्या नंबरावर देणगी मागितली गेली, तर ती आपली नाही, हे सर्वांना एकदा स्पष्ट सांगून टाकावे. आपल्या समाजाचा हात दानासाठी सैल आहे, ही आपली पुण्याई आहे. तिचा लाभ योग्य पात्रालाच मिळावा, एवढी काळजी दात्यानेही घ्यायची असते.

मित्रहो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट उभा केला, त्यांच्याजवळ फार पैसा नव्हता. त्यांच्याजवळ पत होती. एका चिठ्ठीवर सिमेंट आले, एका शब्दावर लाकूड आले आणि कोणाचाही एक रुपया बुडाला नाही. ती पत त्यांनी आपल्या हाती सोपवली आहे. आज ती चोरण्यासाठी तिजोरी फोडावी लागत नाही, एक फोटो पुरतो. अशा वेळी आपल्या मित्राने पैसे मागितले असता त्याला फोन करून ‘तुम्हीच निरोप पाठवला ना?’ असे विचारणे, ही त्याच्या नावाची राखण आहे. तुमच्या नावाची अशीच राखण दुसऱ्या कोणी तरी करावी, असे तुम्हांलाही वाटतेच ना? मग सुरुवात आपल्यापासून करू या.

 ट्रस्टच्या शतकमहोत्सवी वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देऊन माझे भाषण पुरे करतो.

जय जिनेंद्र!